तळमजल्यावरचा भाचा

एडिसन, न्यू जर्सी
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांस
शिरसाष्टांग नमस्कार.

तिळगूळ घ्या, गोड बोला. बाबा, हे खास तुम्हाला, आणि कंप्युटरचा विषय निघाला की आईशी.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं पत्र हे पत्रच नव्हे, असं तुमचं मत आहे, म्हणून हे ईमेलने पाठवतेय. तुम्ही ते डॉट मॅट्रिक्सवर छापून घेणार, हेही मला ठाऊक आहे. फक्त दुपारी दोन ते चार छापू नका. त्या प्रिंटरवर मराठीचं एक पान उमटेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात आणि आवाज मात्र पत्रा कापल्यासारखा येतो. समोरच्या काकू झोपलेल्या असतात. सोसायटीच्या सेक्रेटरीनेच शांततेचा भंग केला, तर नोटीस काढायची कोणी?

आता मुद्द्याचं. विंडोज टेन बंद झालं म्हणतात, मग आपला कंप्युटर चालू कसा होतो, हा तुमचा प्रश्न. बंद म्हणजे मेलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची देखभाल थांबवली. बिल्डिंगचं गेट आहे, कुलूप आहे, पण वॉचमन नोकरी सोडून गेलाय, असं समजा. पेन्शनची कामं त्या गेटातून करू नयेत. विंडोज अकरा टाकू म्हटलं तर त्याला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो. आपला मदरबोर्ड २०१२ चा. त्याला दारातूनच परत पाठवतात.

म्हणजे नवा घ्यायला हवा, यावर घरात एकमत आहे. पुढे भांडण. तुम्ही म्हणता असेंबल्ड, आई म्हणते ब्रँडेड, आणि निकाल मी द्यायचा. बारा हजार किलोमीटरवरची मुलगी निःपक्षपाती असते, हा तुमचा गोड गैरसमज आहे. आईने मला दोनदा वेगळा फोन केलाय.

पण निकालाआधी १९९९ सालचं रेकॉर्ड तपासते. माझी दहावी झाली होती. तोवर आपल्या घरात बिनब्रँडची वस्तू शिरलेली नव्हती. घड्याळ एचएमटीचं, कपाट गोदरेजचं, स्कूटर बजाजची. तुम्ही एचसीएल, झेनिथ, विप्रो, कॉम्पॅक अशी सगळ्यांची पत्रकं आणून दिवाणावर पसरलीत. आकडे पन्नास हजारांच्या पुढचे. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि परत घातलात, पण आकडे तेच राहिले. तेव्हा तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमचा भाचा पस्तिसात बसवून देतो."

हा भाचा म्हणजे विशीतला एक पोरगा, खिशात पेनऐवजी स्क्रूड्रायव्हर. त्याचं नाव आजवर बिल्डिंगमध्ये कोणी घेतलं नाही. तुमच्या फोनच्या डायरीतही तो 'भ' खालीच आहे.

मालाडहून स्लो लोकल पकडली, कारण फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. रस्त्यावर पाटी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाची, पण सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ साली मुंबईचं गव्हर्नरपद सोडून गेला, आपल्या नावाने पुढे सेलेरॉन प्रोसेसर विकला जाईल हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! सहा दुकानांतून आपण नऊ वस्तू घेतल्या. ६४ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क (भाचा म्हणाला होता, "काका, ही जन्मात भरणार नाही") आणि पंधरा इंची मॉनिटर. तुम्ही प्रत्येक दुकानात पक्की पावती मागितलीत आणि प्रत्येक दुकानदाराने तुमच्याकडे परग्रहावरून आल्यासारखं पाहिलं.

तो मॉनिटर घेऊन साध्या डब्यात शिरणं अशक्य, म्हणून आपण लगेजच्या डब्यात चढलो. तिथे एक कोळीण मावशी होत्या. त्यांनी आपली पाटी सरकवून आपल्या खोक्याला जागा दिली आणि विचारलं, "नवा टीवी काय?" तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, "कंप्युटर." मावशी म्हणाल्या, "मंग पाणी लागू देऊ नका," आणि नेमकं तेव्हाच गाडीला हिसका बसला. खोक्याला लागलेला बोंबलाचा वास मॉनिटरच्या वॉरंटीपेक्षा जास्त टिकला.

दसऱ्याला आईने कंप्युटरच्या डब्याला हळद-कुंकू वाहून झेंडूचं फूल चिकटवलं. भाच्याने 'इंटेल इनसाइड'चा स्टिकर लावला होता, फूल बरोब्बर त्या स्टिकरच्याच कपाळावर. आणि २६ एप्रिलला चेर्नोबिल व्हायरस येतो असं ऐकल्यावर पुढच्या वर्षी त्या तारखेला तुम्ही कंप्युटरवर चादर टाकून ठेवलीत. तुम्हाला हसत नाही, बाबा. ती तारीख साधणारा व्हायरस खरंच होता, नुसत्या फायली नव्हे, मदरबोर्डचा बायॉससुद्धा पुसायचा. चादरीचा उपयोग नव्हता, एवढंच. पण त्या दिवशी तुम्ही तो चालूच केला नाहीत, त्याचा होता.

तिथपासून आजपर्यंत तो कंप्युटर म्हणजे आजीची गोधडी झालाय. विरला तुकडा की काढ, नवा लाव. रॅम तीनदा, हार्ड डिस्क चारदा, मदरबोर्ड दोनदा. १९९९ चं म्हणावं असं आता फक्त कॅबिनेट उरलंय, आणि समोरचा तो फ्लॉपी ड्राइव्ह, ज्याला आत वायरच नाही. २६ जुलै २००५ आठवते ना? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे तळमजल्यात पाणी शिरलं, भाच्याच्या खोलीत गिऱ्हाइकांचे पाच कंप्युटर होते. तुम्ही दोघांनी मिळून तीन वर आणले, दोन बुडाले. ऊन पडल्यावर त्याने गच्चीवर मदरबोर्ड वाळत घातले, सांडग्यांच्या शेजारी. एक चालूही झाला! बिल्डिंगमधल्या एकांचा ब्रँडेड त्याच पाण्यात भिजला होता. त्यांना कंपनीने कळवलं की पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. त्या दिवसापासून तुमचा पक्ष ठरला, तो आजतागायत.

इथे मात्र सगळं उलटं आहे. मालाडमध्ये लोक असेंबल्ड घ्यायचे ते ब्रँडेड परवडत नाही म्हणून. इथे असेंबल्ड करतात ते परवडतं म्हणून. त्याला 'कस्टम बिल्ड' म्हणतात, कॅबिनेटची एक बाजू काचेची असते आणि आत अशी रोषणाई की आपला सार्वजनिक गणपती लाजावा. तुमच्या नातवाला तसाच हवा होता. तुमचे जावई ब्रँडेडच्या बाजूने. ते एक्सेल शीट घेऊन बसले आणि दुर्दैवाने शीट त्यांच्या बाजूने निघालं. कारण रॅम. उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या आसपास मिळणारी ३२ जीबीची रॅम हिवाळ्यात तिपटीवर गेली. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी इतकी लागते की कारखाने आधी त्यांचं ताट वाढतात, आपल्यासारख्यांना उरलं तर. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरमध्ये जाहीरच केलं की 'क्रूशियल' नावाने किरकोळ ग्राहकांना विकणं बंद. मोठ्या कंपन्यांकडे आधी भरलेला माल असतो, म्हणून तयार कंप्युटर तेवढा महागला नव्हता.

यावर तुमच्या नातवाने जेवता जेवता बापाला इतिहास शिकवला. म्हणे, १९८१ साली आयबीएमने पहिला पीसी काढला तो दुसऱ्यांचे तयार भाग जोडून. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टचं. म्हणूनच पुढे कोणालाही तसा जोडता आला. मायकल डेलने १९८४ साली हॉस्टेलच्या खोलीत कंप्युटर जोडून विकायला सुरुवात केली. "म्हणजे बाबा, ब्रँडेड म्हणजे मोठा झालेला असेंबल्डच." जावई गप्प. मी मनात म्हटलं, म्हणजे आपल्या भाच्याचं चुकलं कुठे, तर त्याने काकूंचा तळमजला सोडला नाही.

शेवटी पॅटर्सनला मायक्रो सेंटरमध्ये गेलो. चकाचक दुकान, सगळं एका छपराखाली, भाव छापील, घासाघीस नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी सवयीने "थोडं कमी करा" म्हणणार होते, नातवाने माझा हात दाबला.

गेल्या शनिवारचं पुढचं तुम्ही फोनच्या त्या बाजूने पाहिलंत, या बाजूचं सांगते. डायनिंग टेबलावर सगळं पसरलं होतं, जेवण सोफ्यावर. साडेनऊला जोडून झालं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे नाचले आणि पडदा काळाच. पोराचा चेहरा बघवेना. जावयांनी "मी म्हणत होतो" हे तीन शब्द गिळले, ते गिळताना मला दिसले. इथे अशा वेळी तळमजल्यावर हाक मारता येत नाही. इथे तळमजल्यावर वॉशिंग मशीन असतं.

म्हणून साडेदहाला तुम्हाला फोन लावला. तिकडे रविवार सकाळचे नऊ. तुम्ही काही न विचारता खाली गेलात आणि पाच मिनिटांत स्क्रीनवर भाचा. पोरगा कसला, केस पिकलेत, पन्नाशीला आलाय, मार्वे रोडला सीसीटीव्हीचं दुकान आहे, पण खिशात स्क्रूड्रायव्हर तोच. त्याने कॅबिनेटमधली रोषणाई पाहिली, "लग्न आहे का कोणाचं?" विचारलं आणि दुसरं वाक्य म्हणाला, "रॅम काढ. खोडरबराने घास."

आमच्या चिरंजीवांचं मराठी रविवारच्या मराठी शाळेतलं. त्याला घास म्हणजे फक्त वरणभाताचा माहीत. तो घाबरून मला विचारतो, "आई, रॅमचा घास कोणी घ्यायचा?" तिकडे तुम्ही हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात, ते दिसलं मला.

मग खोडरबर शोधणं. घरात तीन लॅपटॉप, एकही खोडरबर नाही. एका पेन्सिलीच्या शेंड्याला गुलाबी बोंड सापडलं. भाच्याला ते पटलं नाही, "नटराजचं पांढरं हवं." नातवाचं म्हणणं, रॅम कोरी आहे, मालाडच्या दमट हवेत गंज चढलेली नाही, घासून काय होणार? भाचा म्हणाला, "तू घास, मग बोल." त्याने घासली, परत बसवली, आणि भाचा तिकडून ओरडला, "टक् आवाज आला पाहिजे! नाही आला. दाब. घाबरू नको, मोडत नाही." टक् झालं. काही मिनिटं पडदा तसाच काळा, आम्ही श्वास धरून, आणि मग एकदम उजेड.

आता नातू म्हणतो, रॅम नीट बसली नव्हती, खोडरबराचा काही संबंध नाही. भाचा म्हणतो, संबंध आहे. तुम्ही म्हणालात, दोघांचं बरोबर. सेक्रेटरीपदाची सतरा वर्षं अशी बोलतात.

तर निकाल. रिबन फिकी झाली असेल तर मधली पानं गाळा, हे पान तेवढं नीट छापा.

बाबा, ब्रँडेड घ्या.

लगेच फोन उचलू नका, पुढे वाचा. हे मी आईच्या सांगण्यावरून म्हणत नाही. हे मला भाच्यानेच सांगितलं. त्याने त्याच रात्री मला वेगळा मेसेज केला: "ताई, काकांना ब्रँडेड घ्यायला सांग. रॅमचे भाव बघवत नाहीत, विंडोज त्यात खरं मिळतं. माझे शिडी चढून गुडघे गेलेत, दर पावसाळ्यात टेबलाखाली किती दिवस वाकू? मी सांगितलं तर त्यांना वाटेल, भाचा धंद्यातून उठला." सोसायटीचे हिशेब, नोटिसा, पेन्शन आणि रात्रीचं बुद्धिबळ, यापेक्षा तुमचं काम जास्त नाही. सुट्ट्या भागांच्या नऊ वॉरंट्या सांभाळायच्या, त्यात रॅमची 'आजीवन'. कोणाचं आजीवन, हे तुम्ही गेल्या वेळी दुकानदाराला विचारलंत आणि तो अजून विचार करतोय.

आता आई, तू लगेच हसू नकोस. तुला हवाय तो शोकेसमध्ये बसणारा चिमुकला डबा घ्यायचा नाही. बाबांच्या प्रिंटरची ती जुनी रुंद वायर त्याला लागत नाही. उभा टॉवर घ्यायचा, त्यात पॅरलल पोर्टचं कार्ड बसवायला जागा असते. ते कार्ड आणून भाचाच बसवेल. खरेदीलाही त्यालाच न्या. आणि नोटिसांच्या जुन्या फायली त्या जुन्या फाँटमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. नव्या कंप्युटरवर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतील. आधी तो फाँट उतरवून घ्या, नाहीतर पाण्याच्या टाकीचा ठराव कोणालाच वाचता येणार नाही. काहींना ते बरंच वाटेल म्हणा.

भाच्याला पोहे द्या. शेंगदाणे घालून, तो काढून ठेवत नाही.

तुमची,
मनी

ता. क. जुना डबा भंगारवाल्याला देऊ नका. नातवाला तो हवाय. जुनाट पिवळट कॅबिनेटमध्ये आतून एकदम नवं यंत्र बसवायचा इथे पोरांना शौक आहे, आणि १९९९ चं, फ्लॉपी ड्राइव्हसकट, म्हटल्यावर त्याला रात्री झोप नाही. मे महिन्यात येऊ तेव्हा घेऊन जाऊ. आई, बॅगेला तेवीस किलोचीच मर्यादा आहे, म्हणून लोणच्याचं काय असं तू विचारशील. डबा आतून रिकामाच असणार. हार्ड डिस्कच्या जागेत दोन बरण्या सहज बसतात, मी फोटोवरून मापलंय.