राहात्यातला पांडा

राहात्याचा पेरू महाराष्ट्राला ठाऊक आहे. राहात्यात पांडाही असावा, हे मात्र कुणाच्या गावी नाही. तो मेंदूच्या एमआरआयमध्ये दिसतो. विल्सन नावाच्या आजारात यकृताला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात, मग मेंदूत साठतं आणि मध्यमेंदूच्या चित्रात चक्क पांडाचं तोंड उमटतं. रेडिओलॉजिस्ट मंडळींची कल्पनाशक्ती दांडगी. पोरांच्या आणखी एका दुर्मिळ आजारात त्यांना वाघाचा डोळा दिसतो, तिसऱ्यात दाढ, चौथ्यात धुराचा झोत.

विल्सन साधारण 30 हजारांत एकाला होतो. तालुक्याची वस्ती तीन लाखांच्या वर, म्हणजे हिशेबाने दहाएक जण निघायला हवेत. आमदार काही दहा नाहीत, तरी त्यांना शेंबडं पोरही ओळखतं. या दहांना ओळखणारं कुणी नाही.

असं पोर कसं वाढतं? आठव्या-नवव्या वर्षी कावीळ होते. गळ्यात काविळीची माळ पडते, माळ लांबते, आजी म्हणते, "उतरली." दोन वर्षांनी पुन्हा कावीळ, पुन्हा माळ. पुढे अक्षर बिघडतं. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. हात थरथरतो, बाप म्हणतो, मोबाईल. जीभ जड होते, चिडचिड वाढते. शेजारीण म्हणते, बाहेरचं बघा. शंका काढण्यात आपण कुणाला हार जात नाही. रोगाची तेवढी येत नाही.

शेवटी एमआरआय. इथं यंत्रांची वानवा नाही. लोणीला वैद्यकीय महाविद्यालय, शिर्डीत साईसंस्थानची रुग्णालयं. कुठंही नवं यंत्र आलं की फीत कापतात, पेपरात फोटो येतो. पण पेशंटबरोबर जी चिठ्ठी जाते, ती कधी वाचलीय? पुष्कळदा तिच्यावर एकच शब्द: 'डोकेदुखी'. फिल्म वाचणारा डॉक्टर कधी दुसऱ्याच शहरात संगणकापुढे बसलेला, पोर त्यानं पाहिलेलं नाही. तो चार ओळी लिहितो आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य टाकतो: 'क्लिनिकली कोरिलेट करा'. पाठवणारा म्हणतो फोटोत बघा, फोटोवाला म्हणतो पोरात बघा. पोर फिल्मची पिशवी धरून बाकावर.

यंत्राला प्रश्नच विचारता येत नाहीत, असं नाही. सोनोग्राफीला आपण वर्षानुवर्षं एकच विचारला: मुलगा की मुलगी? त्यापायी 1988 मध्ये देशात सगळ्यांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला करावा लागला. तरी 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात मुली भरल्या 894.

सरकारनं 2021 मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आणलं. मुंबईच्या केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांत 50 लाखांपर्यंत मदतीची सोयही 2022 मध्ये केली. छानच. पण दुर्मिळ म्हणजे हजारांत किती, याची व्याख्या धोरणात नाही, कारण आकडेवारी नाही. आणि मदत मिळते ती आजाराचं नाव कळल्यावर. समृद्धी महामार्गानं मुंबई जवळ आली. माळेपासून पांडापर्यंतचा रस्ता मात्र अजून नगर-मनमाड महामार्गासारखाच खडतर आहे.

गंमत अशी, की विल्सनला 50 लाख लागतच नाहीत. पेनिसिलामाइन 1956 पासून ठाऊक आहे, जस्ताची औषधं आहेत. जन्मभर घ्यावी लागतात, पण वेळेत सुरू झाली तर पोर शिकतं, कमावतं. संशय घ्यायला एमआरआयही लागत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं पुष्कळदा दिसतं, आणि सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाची तपासणी रक्तावर होते. जनुकातला दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. मामाची मुलगी करायची रीत असलेल्या मुलखात आईबाप नात्यातले आहेत का, हे तर पहिल्यांदा विचारायला हवं.

तेव्हा पुढच्या यंत्राच्या उद्घाटनाला कात्री पुढाऱ्यांना द्या, पेन डॉक्टरांना. 'डोकेदुखी'ऐवजी दोन ओळी लिहा: कावीळ दोनदा, अक्षर बिघडलं, आईबाप आते-मामेभावंडं. या ओळींना टेंडर लागत नाही, जीएसटी नाही आणि फीतही नाही. म्हणूनच त्या कुणी लिहीत नसावं.