तांबड्या पाद्रीबाबांची धाप

अहो, ऐकलंत का? वरच्या मजल्यावरची पोर पुन्हा सुरू झाली. भर दुपारी दोनला! व्हायोलिन नवीन आहे ना, तोवर चालायचंच. पण काय वाजवतेय ते ओळखलंत का? तेच ते विवाल्दीचं, 'फोर सीझन्स'. फोन होल्डवर ठेवला की वाजतं ते. आणि त्या माणसाच्या घरचं प्रकरण... तुम्हाला ठाऊकच असेल म्हणा. जरा इकडे कुंपणापाशी या. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही.

व्हेनिसचा हो. १६७८चा जन्म. पोर इतकं नाजूक, की सुइणीनंच घरी घाईघाईनं बाप्तिस्मा उरकला. बाप आधी न्हावी, मग सेंट मार्कच्या देवळात व्हायोलिन वाजवायचा. केस तांबडे, १७०३ मध्ये पाद्री झाला, म्हणून गावानं नावच पाडलं 'तांबडा पाद्री'. आणि पाद्री होऊन केलं काय? वर्षभर, फार तर थोडं जास्त, मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, म्हटली आणि बंद! का? तर म्हणे छातीत दाटतं. लोक काय म्हणायचे माहितेय? वेदीपुढे उभं असताना चाल सुचली, म्हणून मध्येच आत पळाला, कागदावर उतरवली आणि परत आला. खरं-खोटं देव जाणे. तो स्वतः मात्र म्हणायचा, तीनदा मिस्सा अर्धी टाकून उतरावं लागलं, दुखण्यापायी. असेलही बाई. पण ऑपेरे बसवायला, थिएटर चालवायला, मांतुआ म्हणू नका, रोम म्हणू नका, तिथं हिंडायला धाप लागत नव्हती बरं!

तर काय सांगत होते... हां, पिएता. टाकून दिलेल्या पोरींचं अनाथालय, इथंच हा व्हायोलिन शिकवायला होता. त्यांना असं काही संगीत शिकवायचे, की युरोपभरचे लोक ऐकायला यायचे. पोरी दिसायच्या नाहीत हं, जाळीआड बसवायच्या. आपल्या वाड्यांत बायका चिकाच्या पडद्याआडून कीर्तन ऐकायच्या ना, इथं उलटं, गाणाऱ्याच पडद्याआड. आडनाव कुणालाच नाही, म्हणून वाद्याचंच नाव लावायचं. 'व्हायोलिनवाली आन्ना मारिया' म्हणून एक होती, तिच्यासाठी या बाबानं कितीतरी कॉन्चेर्तो लिहिले. आणि ट्रस्टींनी काय करावं? १७०९ मध्ये मतदान घेतलं, ठेवायचा की काढायचा. सात विरुद्ध सहा. एका मतानं घरी बसवला! दोन वर्षांनी मुकाट्यानं परत बोलावला, ते वेगळं. पुढं तर महिन्याला दोन कॉन्चेर्तो असा करारच केला. बाहेरगावी असलात तर पोस्टानं पाठवा म्हणे.

वाजवायचा कसा, विचाराल, तर फ्रँकफुर्टचा उफेनबाख म्हणून एक गृहस्थ आला होता १७१५ मध्ये, त्यानं डायरीत लिहून ठेवलंय. बोटं तारांवरून सरकत घोडीच्या इतकी जवळ गेली, की गजाला जागाच उरली नाही, मध्ये काडीएवढं अंतर. भीतीच वाटली त्याला. त्यानं कॉन्चेर्तो मागितले, तर तीन दिवसांत दहा घेऊन हजर. 'खास तुमच्यासाठी लिहिले.' हो का! वर, शिकवायलाही येत जाईन म्हणाला. धंदा कळत होता हो बाबाला. म्हातारपणी एका फ्रेंच पाहुण्याला म्हणाला होता, नकलून काढणारा लिहितो त्याच्याही आधी माझा कॉन्चेर्तो रचून होतो.

पण उगाच नावं ठेवू नये. कॉन्चेर्तोची युक्ती साधी, पण काय लावली होती! भजनात बुवा कडवं म्हणतात आणि टाळकरी ध्रुपद उचलतात ना, तसंच. सगळा ताफा मिळून ध्रुपद वाजवणार, मग एकटा व्हायोलिनवाला सुटणार पळत, की पुन्हा सगळे ध्रुपदावर. कधी अर्धंच, कधी दुसऱ्या पट्टीत. जलद, संथ, जलद, असे तीन भाग. पाचशेच्या आसपास कॉन्चेर्तो रचले. जर्मनीत बाखनं यांतले कितीतरी स्वतःच्या हातानं ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डवर उतरवून घेतले. बाखनं, हो! आणि 'फोर सीझन्स'मधल्या वसंताचा तो संथ भाग ऐका. शेळ्या राखणारा झोपलाय आणि त्याचं कुत्रं भुंकतंय. व्हायोलाच भुंकतो. मला तर ते कळल्यापासून दुसरं काही ऐकूच येत नाही.

हं, तर काय सांगत होते... ती बाई! आन्ना जिरो. मांतुआची, गायिका. गाव तिला 'तांबड्या पाद्र्याची आनिना' म्हणायचं. गळा बेताचा, पण अभिनय चांगला. बहीण पाओलिना कायम सोबत. १७३५ मध्ये काय झालं... नाटककार गोल्दोनी तेव्हा तरुण, मोठं नाव व्हायच्या आधीचा. बाबांच्या 'ग्रिसेल्दा' ऑपेऱ्यात शब्द बदलायला त्याला पाठवलं. बाबांच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक, तोंडानं पुटपुट. म्हणे, आनिनाला रडकं गाणं चालत नाही, भाव हवा, हालचाल हवी. पोरगा म्हणाला, कागद द्या, इथंच लिहितो. बाबा हसले हो, तुच्छतेनं! इथंच? पाव तास लागला नसेल. बाबांनी एका हातात पुस्तक, एका हातात कागद धरून वाचलं आणि चेहराच बदलला. प्रार्थनेचं पुस्तक दिलं भिरकावून, पोराला कवटाळलं आणि आनिनाला हाका! ती धावत आली, मागोमाग पाओलिना. गोल्दोनीनंच आठवणींत लिहिलंय, मी मीठ-मिरची लावत नाहीये.

आणि मग फेर्रारा. १७३७. तिथं ऑपेरे बसवायचे ठरले होते. तिथल्या कार्डिनल रुफ्फोनं निरोप धाडला, गावात पाऊल टाकायचं नाही. कारणं दोन. मिस्सा म्हणत नाही, आणि ती जिरो. सहा हजार डुकाटांचे करार डोक्यावर! बाबांनी लगोलग मार्क्विस बेन्तिवोल्योला पत्र लिहिलं. पंचवीस वर्षं मिस्सा म्हटली नाही खरी, पण ती छातीमुळे. चालवत नाही म्हणून गोंडोला नाही तर गाडी. प्रवासात सोबत चार-पाच माणसं. आनिना आणि तिची बहीण जवळ, कारण दुखणं त्यांना ठाऊक. आणि व्हेनिसमध्ये माझं घर वेगळं, त्यांचं वेगळं. आता मला सांगा, घराचा विषय कुणी काढला होता? मला तर दया येते हो. खरंच छाती दुखत असेल, तर तसल्या माणसाला हे असं लिहावं लागणं...

नशीबच फिरलं. १७४० मध्ये त्याच पिएताला वीस कॉन्चेर्तो सत्तर डुकाटांना विकले आणि व्हिएन्नाला गेला. तर तिथं बादशाह सहावा चार्ल्स ऑक्टोबरात वारला, थिएटरं बंद. १७४१च्या जुलैत हाही गेला, गरिबासारखा पुरला. व्हेनिसमधल्यांनी लगेच टिपून ठेवलं, पन्नास हजार डुकाट मिळवले आणि उधळपट्टीत घालवले म्हणून. मेल्यावरही हिशोब!

मग? दोनशे वर्षं कोण विचारतोय. १९२६ मध्ये एका सेलेशियन मठाला डागडुजीसाठी पैसे हवे होते, म्हणून जुनी हस्तलिखितं विकायला काढली. तूरीनच्या लायब्ररीत तपासली, तर हा निघाला! पण खंडांचे क्रमांक पाहिले, तर अर्धेच. बाकीची अर्धी कुठल्या तरी सरदार घराण्यात. त्यांच्याकडून काढता काढता नाकी नऊ आले.

आनिना? अहो, तेच तर सांगायला बोलावलं तुम्हाला. तिनं १७४८ मध्ये लग्न केलं. एका विधुर काउंटाशी! काउंटेस झाली, गाणं सोडलं. आता म्हणा काय म्हणायचं ते... थांबा थांबा, पोर थांबली वाटतं. नाही हो, पान उलटत होती.