डाळिंबाला साडी, मालकाला बनियन

एप्रिल लागला की इंदापूर तालुक्यातल्या डाळिंबाच्या बागा साड्या नेसतात. निमगाव केतकीच्या बाजूनं जाणाऱ्या पाहुण्याला वाटतं, अख्ख्या शिवारानं एकाच दिवशी धुणं वाळत घातलंय. कुठं मोरपंखी, कुठं जरीकाठी, कुठं पाहुण्यारावळ्यांनी आहेर केलेली आणि घरात कुणालाच न आवडलेली. आंबे बहराची फळं याच दिवसांत भरत असतात. त्यांना ‘सनबर्न’ होऊ नये म्हणून हा थाट. होय, इथला शेतकरी सनबर्न हा शब्द सहज वापरतो, पण तो डाळिंबापुरताच.

डाळिंबाची अडचण अशी की पानासारखं पाणी बाहेर टाकून अंग थंड ठेवणं त्याला जमत नाही. हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापलेलं फळ पश्चिमेच्या अंगाला काळं-तपकिरी पडतं. एकदा चट्टा पडला की व्यापारी ते बाजूला सारतो आणि त्याची रवानगी रसाच्या ढिगात होते. म्हणून मग साडी, नाहीतर पांढरं क्रॉप कव्हर, नाहीतर केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीची फवारणी. बारामतीजवळच्या माळेगाव खुर्दला तर ऊन, दुष्काळ, क्षार असल्या संकटांत पिकांना कसं सांभाळायचं यावर संशोधन करणारी आख्खी राष्ट्रीय संस्था 2009 पासून उभी आहे. मालकासाठी अशी काही सोय नाही.

बागेतलं वस्त्रवाटपही बघण्यासारखं असतं. साडी झाडाला. खुरपणाऱ्या बायकांच्या अंगात लुगड्यावरून नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, तोंडाला स्कार्फ. त्वचेचा डॉक्टर याहून वेगळं काही सांगणार नाही. राहता राहिला शर्टाचा मूळ धनी. तो बनियनवर ठिबकच्या नळ्या तपासत फिरतो.

रात्री त्याची मान लाल होते, पाठ हुळहुळते आणि घरात वैद्यकसभा भरते. आजी तूप आणते. भाऊ टूथपेस्ट सुचवतो, कारण ती लावली की गार वाटतं. चुलती लिंबू कापायला घेते. हा उपाय सगळ्यांत घातक, कारण लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडीवर फोड आणि नवे काळे डाग येतात. बर्फ थेट चोळला तरी भाजल्या कातडीला इजाच. खरा उपाय इतका साधा आहे की त्यावर सभेचं समाधान होत नाही: गार पाण्यात भिजवलेलं सुती फडकं, कोरफडीचा गर किंवा कॅलामाइन, भरपूर पाणी, फोड आले तर ते न फोडणं. ताप, थंडी, उलट्या किंवा अंगभर फोड असले, तर मात्र सभा बरखास्त करून दवाखाना गाठायचा.

शिवाय माणसाला भाजतात ते अतिनील किरण. नुसत्या उष्म्याचा तो हिशेब नव्हे, आणि हे किरण ढगांतूनही पोचतात. आषाढात तुकोबांच्या पालखीबरोबर बारामतीहून काटेवाडीकडे निघालेला शहरी वारकरी ढग बघून टोपी पिशवीत ठेवतो. मेंढ्यांचं रिंगण पाहताना त्याला काही जाणवत नाही. लाली बारा ते चोवीस तासांत भरात येते, म्हणजे ती पुढच्या मुक्कामी भेटते, आणि दोष जातो तिथल्या पाण्याला.

मालकाला अखेर बारामतीत डॉक्टरकडे नेतात. डॉक्टर सनस्क्रीन लिहून देतात आणि उन्हात असाल तोवर दर दोन तासांनी पुन्हा लावा म्हणतात.

“दोन तासांनी? एवढ्या फवारण्या तर डाळिंबालापण नसतात, साहेब.”

मग तो ट्यूब उलटीपालटी करून बघतो, किंमत वाचतो आणि डॉक्टरांकडे वळून गंभीरपणे विचारतो, “पंधरा लिटरच्या पंपाला किती घ्यायचं?”