डबीपुढे हजेरी

जुन्या कॉलेजात नुसतं सहज जायचं म्हटलं की माणूस ओशाळतो. काहीतरी निमित्त लागतं. ते हल्ली जिओकॅशिंगने, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेल्या डब्या शोधण्याच्या खेळाने, पुरवलं आहे. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ऑरेगनमध्ये एकाने रानात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून जगभर चांगली शहाणीसुरती माणसं जीपीएस यंत्र नाहीतर मोबाइल हातात धरून झुडपं धुंडाळताहेत.

कॉलेजच्या आवारात या खेळाला वेगळाच रंग चढतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह तुम्हाला चार पावलांवर आणून सोडतात, गेटवरचा वॉचमन मात्र विचारतो, "काका, कुणाकडे काम आहे?" माजी विद्यार्थी म्हणून छाती काढावी, तर तो देणगीची खिडकी दाखवतो.

नियम सोपे. डबीतलं काही घेतलं तर तेवढ्याच मोलाचं ठेवायचं आणि आतल्या कागदावर तारीख घालून सही करायची. तीन वर्षं प्रॉक्सीवर निभावलेला गडी सायकल स्टँडमागे गुडघे टेकून, दमट कागदाच्या सुरळीवर प्रथमच स्वहस्ते हजेरी लावतो. लायब्ररीकडे कधी न फिरकलेला तिच्याच भिंतीपाशी तासभर घुटमळतो. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या धाकाने जे जमलं नाही, ते प्लॅस्टिकच्या डबीने करून दाखवलं.

प्राध्यापकांनी आता तास वेळापत्रकात न लावता कुंपणात लपवून पाहावा. बसायला जागा पुरणार नाही.