शेवटचे वीस यार्ड

साठी उलटली की ड्रायव्हरने मारलेला चेंडू दोनशे यार्डांच्या पलीकडे जात नाही, हे सत्य माणूस कसंबसं पचवतो. अशातच कुणीतरी त्याच्या कानावर घालतं, की गोल्फमधले निम्म्याहून जास्त फटके शेवटच्या शंभर यार्डांच्या आतच मारले जातात. तिथे ताकद लागत नाही, हात लागतो. झालं! त्या दिवशी एक निवृत्त महाव्यवस्थापक संपतो आणि एक शॉर्ट गेमवाला जन्माला येतो.

येरवड्याला असो की चेंबूरला, सकाळी साडेसहाला ग्रीनच्या कडेला हा दिसणारच. एका हातात मोजा, दुसरा मोजा मागच्या खिशात लोंबतोय, आणि पायाशी चार वेज ओळीने मांडलेल्या: अठ्ठेचाळीस, बावन्न, छप्पन्न आणि साठ अंशांच्या. बॅगेत चौदाच स्टिक ठेवता येतात. चार वेजना जागा करायला त्याने दोन लांब आयर्न घरी ठेवल्या आहेत, आणि त्यांची आठवण त्याला फक्त तेव्हाच येते जेव्हा त्या हव्या असतात. साठ अंशांची लॉब वेज अमेरिकेतल्या मुलाने आणून दिली. तिच्यावर त्याचा विशेष जीव आहे, कारण ती त्याला अजून एकदाही वश झालेली नाही.

एक चिप जवळून बघण्यासारखी असते. चेंडू ग्रीनच्या बाहेर तीन पावलांवर, झेंडा वीस यार्डांवर, मध्ये काहीही नाही. तो चेंडूमागे उकिडवा बसतो. गुडघा कटकन वाजतो. गवताची दोन पाती उपटून हवेत सोडतो; एवढ्याशा चिपला वाऱ्याचा काय संबंध, हे विचारायचं नसतं. मग पुटपुटणं सुरू होतं. वजन डाव्या पायावर, चेंडू उजव्या पावलासमोर, हात चेंडूच्या पुढे, मनगटं गप्प. खरं सांगायचं तर यातला शब्दन्‌शब्द बरोबर आहे. सरावाचे स्विंगही देखणे, पाठोपाठ चार-पाच. आणि मग चेंडूशी गाठ पडते, त्या क्षणी त्याला चेंडूची दया येते. आपण मदत केली नाही तर तो बिचारा वर कसा जाणार? म्हणून वाटीतलं श्रीखंड चमच्याने वरच्या वर उचलावं तशी तो वेज उचलतो. वेजच्या पात्याला तिरपेपणा कारखान्यातच दिलेला असतो, आपण फक्त खाली मारायचं, चेंडू आपोआप वर जातो, हे त्याच्याइतकं कुणी समजावून सांगत नाही. पण वेजची कड चेंडूच्या पोटावर बसते, आणि चेंडू गुडघाभर उंचीवरून, झेंड्याकडे न बघता, ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये जातो.

बंकरमध्ये उतरल्यावर तो इतिहास सांगतो. सँड वेजला आजचं रूप जीन साराझेनने दिलं, 1932 साली त्याच वेजच्या जोरावर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, विमानाच्या शेपटीकडे बघून त्याला ही कल्पना सुचली. माहिती खरी आहे, फक्त ती संपेपर्यंत चेंडू अजून वाळूतच असतो आणि मागचे चौघे कमरेवर हात ठेवून उभे असतात.

घरी वेगळाच देखावा. बाल्कनीत पायपुसण्यावरून चेंडू बादलीत टाकायचा, हा त्याचा संध्याकाळचा रियाज. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "अहो, पायपुसणं कुठे गेलं?" तो म्हणतो, "लाय चांगला मिळतो त्याच्यावर." वॉशिंग मशीनच्या दाराला एक पोचा आहे, त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. जेवताना डेव्ह पेल्झ. हा माणूस नासात शास्त्रज्ञ होता, ते सोडून शॉर्ट गेमच्या मागे लागला, हे तो सुनेला वरणभाताच्या वेळी पुन्हा सांगतो. सूनबाई सोशिक आहेत. "म्हणजे बाबा, चंद्रावर जाणं सोपं होतं," एवढंच म्हणतात.

त्याचा खरा वैरी मात्र घरात नसतो, त्याची बॅग उचलून शेजारी चालत असतो. कॅडी. प्रत्येक वेळी ग्रीनजवळ आलं की कॅडी न विचारता आठ नंबरची आयर्न पुढे करतो. "साहेब, थोडंसं टप्पा टाका, बाकी गडगडत जाऊ द्या."

गडगडत! चार वेज घेऊन हिंडणाऱ्या माणसाला गडगडत! गणितही कॅडीच्याच बाजूचं आहे, ही त्यातली गंमत. बारातून आयर्नचा नंबर वजा करा. आठ नंबरला उरतात चार, म्हणजे चेंडू एक भाग हवेत आणि चार भाग जमिनीवर. सपाट ग्रीनवर याहून शहाणपणाचा हिशेब नाही, आणि आपल्या साहेबांना तो पाठ आहे. पण त्यात उंच कमान नाही, पडल्याजागी थबकणारा चेंडू नाही, टायगर वुड्सने 2005 साली ऑगस्टाच्या सोळाव्या होलला केलं तसं काहीही नाही. (तिथेही तो चेंडू उतारावरून गडगडतच भोकापर्यंत गेला होता, काठावर क्षणभर रेंगाळला आणि मग पडला, पण साहेबांना आठवते ती टायगरची मूठ. तीही ते चेंडू थांबायच्या आत आवळून बघतात.)

कॅडी काही पुस्तकं वाचून बोलत नाही. कोर्सवर पोटापाण्यासाठी उभं राहणाऱ्यांचे हात असे तयार होतात, त्याला आपल्याकडे मोठा दाखला आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमधल्या ग्रीनकीपरचा मुलगा एसएसपी चौरसिया त्याच गवतावर खेळ शिकला, 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला, आणि चिप-पटच्या हातोटीमुळे सहकाऱ्यांनी त्याचं नाव ‘चिपपुट्सिया’ पाडलं. साहेब चौरसियाचे निस्सीम भक्त आहेत. त्याचं लॉफ्टचं तत्त्वज्ञान काय असेल, यावर ते कॅडीला व्याख्यान देतात. कॅडी ऐकतो आणि आठ नंबर पुसत राहतो.

परवा साहेबांची पाठ धरली होती, वाकायचा कंटाळा आला होता. पुढे आलेली स्टिक त्यांनी न बघताच घेतली आणि न मोजता, न पुटपुटता चेंडूला ढकललं. चेंडू एकदा टप्पा खाऊन निघाला तो उताराचा मान राखत थेट झेंड्याकडे, आणि दोन फुटांवर थांबला. साहेबांनी मूठ आवळली. मग कॅडीच्या खांद्यावर हात ठेवून, आपण डावा कोपर कसा स्थिर ठेवला, वजन नेमकं कधी पुढे नेलं आणि आठ नंबरच का निवडला, हे त्याला सविस्तर समजावलं.

"हो साहेब," कॅडी म्हणाला. "पट करा, मागचे थांबलेत."

दोन फुटांचा तो पट भोकाच्या उजव्या काठाला चाटून बाहेर गेला. पटिंग शॉर्ट गेममध्ये धरायचं नसतं, असं साहेबांचं मत आहे. तो विषय त्यांनी पुढच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवलाय.