काय खरं नाही

जिंकत असलेल्या संघाचं कौतुक आमच्या दाजींनी आयुष्यात एकदाच केलं. २०२३चा नोव्हेंबर होता, अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सनं अकरांतले दहा सामने जिंकले होते आणि चारचौघांच्या देखत दाजी बोलून गेले, "यंदा जमतंय वाटतं." त्यानंतरच्या सहांतले पाच सामने ईगल्स हरले आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात टँपा बेनं त्यांना ३२-९ असं घरी धाडलं. दाजींच्या मते यात प्रशिक्षकाची चूक नव्हती, क्वार्टरबॅकचीही नव्हती. आपलं तोंड सैल सुटलं, एवढंच.

दाजी मूळचे मिरजेचे. आता न्यू जर्सीत चेरी हिलला असतात. डेलावेअर नदी ओलांडली की फिलाडेल्फिया, त्यामुळे फुटबॉलला ईगल्स आणि बास्केटबॉलला सिक्सर्स हे दोन संघ ताईइतकेच कायमचे त्यांच्या पदरात पडले. पेशानं ते विमा कंपनीत. धडधाकट माणसाकडे बघून हा किती वर्षं टिकेल याचा हिशेब करायचा, असं ते काम. पण त्यांची खरी तालीम त्याआधीची, खरसुंडीच्या यात्रेतल्या बैलबाजारातली. लहानपणी चुलत्यांचं बोट धरून ते तिथं जायचे. चुलते खिलारीच्या जोडीभोवती दोन फेऱ्या मारायचे, दात बघायचे, खूर बघायचे, आणि बैल कितीही देखणा असला तरी तोंड कडू करून म्हणायचे, "काय खरं नाही." कारण सौदा व्हायच्या आत जनावर वाखाणलं की भाव चढला. दाजींचा सौदा फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे फुटबॉलची अंतिम लढत, संपल्यावर होतो. तोवर त्यांच्या तोंडून चांगला शब्द निघणं शक्य नाही.

२०२४चा हंगाम मी जवळून पाहिला. ईगल्सचा पहिला सामना ब्राझीलमध्ये, साओ पावलोला होता, आणि नेमका ६ सप्टेंबरला, हरतालिकेच्या रात्री. ताईचा उपास, दाजींच्या हातात मखराचा थर्माकोल, समोर ग्रीन बे. सामना ३४-२९ जिंकला. नवा गडी सेक्वान बार्कली, त्यानं तीन टचडाउन केले. मी टाळी वाजवली. दाजी म्हणाले, "क्वार्टरबॅकनं दोनदा चेंडू त्यांच्या हातात नेऊन दिला, ते दिसलं नाही तुला." मखर डावीकडे कललं होतं. ते त्यांना दिसलं नाही.

पुढचा सामना अटलांटाशी, अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री. बार्कलीच्या हातात आलेला चेंडू सुटला. तो धरला असता तर सामना तिथंच खिशात होता. शेवटच्या मिनिटात अटलांटानं डाव उलटवला आणि २२-२१ असा घास तोंडातून गेला. दुसऱ्या दिवशी परसातल्या टबात विसर्जन करताना दाजी जरा जास्तच हळवे होऊन "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणाले. ते नक्की कुणाला म्हणाले, याची ताईला अजून शंका आहे.

चार सामन्यांनंतर दोन जिंकलेले, दोन हरलेले. मग विश्रांतीचा आठवडा आला आणि फिलाडेल्फिया पेटलं. हे गाव मुळातच दाजींच्या स्वभावाचं. १९६८ साली इथल्या प्रेक्षकांनी भर मैदानात सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारलेत, तिथं प्रशिक्षक निक सिरियानीची काय कथा! रेडिओवर, पेट्रोल पंपावर, दाजींच्या ऑफिसात सगळ्यांचं एकच, याला हाकला. आता दाजींची पंचाईत झाली. सगळं गाव आपल्याच मताचं झालं की त्यांना आपलं मत स्वस्त वाटायला लागतं. त्यांनी वही उघडली, आकडे मांडले आणि जाहीर केलं, "तसं वाईटही नाही."

त्यानंतर ईगल्सनं सलग दहा सामने जिंकले. साहजिकच दाजींनी मत मागं घेतलं.

भाऊबिजेला, ३ नोव्हेंबरला, मी ओवाळून घ्यायला गेलो तेव्हा जॅक्सनव्हिलशी सामना चालू होता. मी पाटावर, ताईच्या हातात तबक. आणि तेवढ्यात बार्कलीनं ते केलं. एका गड्याला चकवून त्यानं गिरकी घेतली, आणि दुसरा अंगावर आला तेव्हा पाठमोराच त्याच्या डोक्यावरून उडी मारून पुढे पळाला. पाठमोरा! ताईचं तबक हवेत थांबलं, माझं कुंकू नाकावर आलं. दाजी म्हणाले, "गुडघा जाईल एखाद दिवशी." सामना २८-२३ जिंकला. त्यांनी वहीत लिहिलं : २२-० आघाडी होती, फरक पाचावर आला. समोरचा संघ आठांतले सहा हरलेला. पाच गुणांचा विजय म्हणजे छापा-काटा.

ही वही गमतीची वाटते, पण तिच्यात तथ्य आहे. किती जिंकले हे दाजी शेवटी बघतात. आधी बघतात किती गुणांनी जिंकले, कुणाशी जिंकले, कोण जायबंदी होतं. बास्केटबॉलमध्ये तर चेंडू शंभरदा हाती आला तर किती गुण केले आणि किती दिले, हाच त्यांचा ताळा. "ऊस किती टन गाळला ते कारखानदार फलकावर लिहितो," ते म्हणतात, "शहाणा माणूस साखरेचा उतारा विचारतो." या एका वाक्यावर मी त्यांना बरंच काही माफ केलंय.

पण हेच दाजी सिक्सर्सच्या बाबतीत निराळे. फुटबॉलचे सामने सतरा, रविवारी हरलं की आठवडाभर सुतक. बास्केटबॉलचे ब्याऐंशी. आज हरलं तर परवा आहेच. त्या हिवाळ्यात सिक्सर्सनं पहिल्या चौदांत दोन जिंकले. पॉल जॉर्जला चार वर्षांसाठी एकवीस कोटी डॉलरच्या वर मोजून आणलेलं, आणि जोएल एम्बीडचा गुडघा दुखरा. लोकांनी तोंड फिरवलं आणि दाजी खुलले. लंगड्या बैलाकडे कुणी बघत नाही, तेव्हाच तो घ्यायचा असतो म्हणे. "अजून अडुसष्ट सामने आहेत," असं ते मला डिसेंबरपर्यंत सांगत राहिले, तोवर ते अडुसष्ट उरलेही नव्हते. एम्बीड साऱ्या हंगामात एकोणीस सामने खेळला. संघानं चोवीस जिंकले, अठ्ठावन्न हरले. दाजींचा उतारा तिथं काही निघाला नाही.

२२ डिसेंबरला वॉशिंग्टननं ईगल्सना ३६-३३ हरवून दहा विजयांची साखळी तोडली. ताई सांगते, त्या रात्री दाजी कित्येक आठवड्यांनी गाढ झोपले.

९ फेब्रुवारीला सुपर बोल. समोर कॅन्सस सिटी, आधीच्या सलग दोन वर्षांचे विजेते. मध्यंतराला २४-०. मी दाजींकडे बघितलं. ते मान हलवत होते. तिसऱ्या डावात ३४-० झालं तेव्हा मी न राहवून म्हणालो, "दाजी, आता तरी म्हणा."

"तू गप रे. घड्याळ चालू आहे."

४०-२२नं संपलं. बाहेर शेजारी भांडी बडवत होते, कुणीतरी फटाके लावले. दाजी खुर्चीतून उठले नाहीत. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला, परत काढला. मग घसा साफ करत म्हणाले, "चौतीस-शून्य असताना बावीस द्यायचं काय नडलं होतं?"

ताईनं पेढ्यांचं ताट पुढे केलं. दाजींनी एक उचलला, दिव्यापुढे धरला, फिरवून खालून बघितला.

"खवा जरा जास्त परतलाय."

"गिळा," ताई म्हणाली.