संगणकाचा आवाज स्टिरिओतून काढणे : नवसाधकांसाठी विधी

हा विधी पाच मिनिटांचा आहे. त्यातली साडेचार मिनिटे स्टिरिओच्या मागे हात पोहोचवण्यात जातात. म्हणून आधी ॲम्प्लिफायर बंद करावा, व्हॉल्यूम शून्यावर आणावा आणि शोकेसमधला सगळा बोजा खाली उतरवावा. चालू यंत्रात पिन खुपसली की स्पीकरमधून जो ‘फाड्’ आवाज येतो, तो स्पीकरच्या प्रकृतीला चांगला नसतो. शेजाऱ्यांच्याही.

साहित्य : एक केबल, जिच्या एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या अशा दोन आरसीए पिना. एक टॉर्च. एक फडके. शिवाय दर दोन मिनिटांनी ‘झालं का?’ विचारणारी एक व्यक्ती. ही विकत आणावी लागत नाही.

केबल मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास. जाण्यापूर्वी अंतर मोजावे, तेही वायर कपाटामागून जशी वळत जाईल तसे. दीड मीटरची केबल आणणारा साधक पुढे आयुष्यभर लॅपटॉप स्टुलावर ठेवून, ओणवा होऊन गाणी लावतो. दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली पिन दाखवील. ती गंजत नाही, हे खरे. तिने गायकाचा गळा सुधारत नाही.

लाल म्हणजे उजवा, पांढरा (किंवा काळा) म्हणजे डावा. उलट लागले तर तबला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो, एवढेच. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांत तेही होत नाही. बालगंधर्व दोन्हीकडे सारखेच.

संगणकाच्या बाजूला फारसे डोके लागत नाही. डेस्कटॉपच्या मागे तीन रंगीत भोके असतात : गुलाबी माइकचे, निळे आवाज आत घेण्याचे, पोपटी बाहेर सोडण्याचे. हे रंग ‘पीसी ९९’ नावाच्या नियमावलीने ठरवून दिले. आपले पोपटी. लॅपटॉपला हेडफोनचे भोक चालते. ते भोकही काढून टाकलेला सडपातळ लॅपटॉप असेल तर यूएसबी-सीचा छोटा अडॅप्टर घ्यावा आणि बारीकपणाची किंमत मोजल्याचे समाधान मानावे.

खरी परीक्षा ॲम्प्लिफायरमागे. तिथे फोनो, ट्यूनर, सीडी, टेप, ऑक्स अशी भोकांची आळीच वसलेली असते आणि सगळी भोके दिसायला एकसारखी. नवसाधक हमखास फोनोत शिरतो, कारण ते पहिलेच असते. ते रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे. सुईकडून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, आणि रेकॉर्डवर गाणे खर्ज दाबून व तार चढवून कोरलेले असते. म्हणून फोनोचे सर्किट आवाज शंभरेक पटींनी वाढवते आणि खर्ज पुन्हा फुगवते. संगणक आधीच व्होल्टाच्या आसपास बोलत असतो. तो तिथे जोडला की कुठलेही गाणे फुटके आणि घुमणारे येते, आणि दोष बिचाऱ्या केबलला दिला जातो.

‘टेप आउट’ हे दुसरे विवर. तिथून आवाज बाहेर पडतो, आपल्यालाही तो बाहेरच काढायचा आहे, अशी भाबडी समजूत करून साधक दोन बाहेरचे रस्ते एकमेकांना जोडतो आणि शांतता ऐकत बसतो. ऑक्स निवडावे. नसेल तर सीडी किंवा ट्यूनर चालेल, आतून ती भावंडेच. मग पुढच्या बाजूचा निवडीचा खटका त्याच नावावर आणावा. तो विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. स्पीकरच्या वायरी लागतात त्या जागी मात्र संगणक कधीही जोडू नये. इथे विनोद नाही.

जुन्या म्युझिक सिस्टिमला ऑक्सच नसेल, पण कॅसेटचा कप्पा चालू असेल, तर शेपटीला वायर असलेली कॅसेट मिळते. ती घालून प्ले दाबावे.

या टप्प्यावर घरातला भाचा ‘ब्लूटूथ घ्या की!’ म्हणतो. घ्यावे. त्या ब्लूटूथच्या डबीच्या मागेही हीच लाल-पांढरी केबल लावावी लागते, हे त्याला नंतर सांगावे.

आता संगणकाचा व्हॉल्यूम ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवून बाकीचे ॲम्प्लिफायरवर सोपवावे. उलट केले तर गाण्याबरोबर ‘सूऽऽ’ही मोठे होते. आवाज आलाच नाही तर तो एचडीएमआयमार्गे मॉनिटरकडे गेला आहे का, ते खाली उजव्या कोपऱ्यातल्या भोंग्यावर टिचकी मारून पाहावे.

‘घूंऽऽ’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. थांबले, तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला दोन अर्थिंगांमधून फिरायला वाट सापडली आहे. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत. तरीही राहिले तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची लहानशी डबी मध्ये घालावी. प्रत्येक सोसायटीत अर्थिंगची पिन मोडून टाकण्याचा सल्ला देणारे एक काका असतात. त्यांना चहा द्यावा, पक्कड देऊ नये.

शेवटी संगणकाचे सूचनांचे आवाज बंद करावेत. मारव्यात गायक आधीच षड्जाची ताटकळत वाट पाहायला लावतो. तो लागणार तेवढ्यात दोन्ही स्पीकरांतून ‘टिंग!’ होऊन कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची वेळ विचारलेली असते.